एका अंड्याचा खुलासा

सोलापूर, रविवार

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच आहे.

माझी चूक सापडली. छापलेली. काढली पाचवीतल्या पोरीनं.

नान्नजकडच्या एका शाळेत माझं पुस्तक वाचायला बोलावलं होतं. माळढोक पक्ष्याची गोष्ट घेतली. गवताच्या आडोशाला दोन पिल्लं रात्रभर गप्पा मारतात, ती. मी आवाज बदलून वाचतोय, पोरं खिदळतायत, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक उठली. "सर, माळढोक एकच अंडं घालतंय ओ." बाप वनखात्यात रोजंदारीवर. मी म्हटलं, गोष्ट आहे बाळ. बसली खाली, पण चेहरा थेट तुझा! पेपरच्या डेस्कवर माझी कॉपी वाचताना करायचास तसा.

माळढोकाचं अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरवरून १,२२२ वर आणलं, तेव्हा आकड्याचा कागद दाखव म्हणून नव्या पेठेतल्या टपरीवर माझा चहा थंड केलास. बातमी एक दिवस उशिरा लागली. तो राग अजून आहे, लिहून ठेव.

आणि खरं सांगू? मला माहीत होतं. मादी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, हे मीच बातमीत लिहिलंय, कात्रण आहे. पण एकटं पिल्लू बोलणार कुणाशी? म्हणून दुसरं जन्माला घातलं. बातमीत हे केलं असतं तर सिद्धेश्वर तलावात बुडवला असतास मला.

प्रकाशक म्हणतात, पक्षी बोललेले चालतात, मग अंडी कशाला मोजता? पण पक्षी बोलत नाहीत हे पोरांना ठाऊक असतं रे. अंडी किती, ते ती माझ्याकडून शिकतात. पेपरात आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा टाकला की सुटलो. पुस्तकात कुठे टाकू? दुसरी आवृत्ती तोंडावर आहे. पिल्लाच्या आईला बोलकी केली, तर ती लगेच उपदेशच करायला लागली. दोनदा फाडलं.

निघताना ती पोरगी फाटकाशी उभी. म्हणाली, "शेरडं असत्यात की माळावर. त्यांच्यासंगं बोलंल."

बंड्या, बावीस वर्षांत असा उपसंपादक मिळाला नाही. तुला धरून.

चिंगीचं ठरलं, कळलं. अभिनंदन, दोघंही येतोय. वहिनींना शेंगाचटणी पाठवतो, मागचा डबा परत कर.

तुझा,
बाळ्या

ता. क. वनखात्याच्या कुंपणात चराईला बंदी आहे. मग शेळी आत आली कशी? आजच्या आज कळव.