404 वरून 197

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवा नेता प्रचंड बहुमताने निवडून आला की 'आता दहा वर्षे याला मरण नाही' असे जो तो म्हणू लागतो. मला अशा वेळी हटकून डिसेंबर 1984 आठवतो. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत राजीव गांधींच्या काँग्रेसला 404 जागा मिळाल्या. माझे ते पहिलेच मत. सहानुभूती होतीच, पण आशाही खरी होती. पक्षांतरबंदी कायदा, पंजाब करार, आसाम करार हे सारे पहिल्याच वर्षात झाले.

ही लोकप्रियता बोफोर्सने, म्हणजे तोफांच्या खरेदीत लाच दिल्याच्या आरोपाने, संपवली असे सर्रास लिहिले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. बोफोर्सची बातमी आली एप्रिल 1987 मध्ये. आम्हा सांगलीकरांच्या मनात मात्र 1985 च्या जूनमध्येच चुकचुकले होते. वसंतदादांना विश्वासात न घेता दिल्लीने प्रदेशाध्यक्ष नेमला आणि दादांनी मुख्यमंत्रिपद सोडले. पुढे निलंगेकर, शंकरराव चव्हाण, शरद पवार! 1985 ते 1988 या काळात महाराष्ट्राने चार मुख्यमंत्री पाहिले.

1985 च्याच डिसेंबरात काँग्रेसच्या मुंबईतील शताब्दी अधिवेशनात राजीवजी सत्तेच्या दलालांवर तुटून पडले. ते भाषण वाचून माझा ऊर भरून आला होता. पण दलाल हटायचे तर पक्षांतर्गत निवडणुका हव्यात, आणि त्या त्यांच्या कारकिर्दीत झाल्याच नाहीत. पंजाब करारानुसार 26 जानेवारी 1986 ला चंदीगड पंजाबला द्यायचे ठरले होते, तेही राहून गेले. दिलेला शब्द असा एकेक करून मागे पडत गेला, म्हणूनच बोफोर्सचा आरोप लोकांना लगेच पटला, असे माझे ठाम मत आहे.

मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणले ते राजीवजींच्याच सरकारने. ही मुले प्रथमच लोकसभेसाठी मत द्यायला उतरली त्या 1989 च्या निवडणुकीत काँग्रेस 197 वर आली. मतांचा वाटा मात्र 49 टक्क्यांवरून सुमारे 40 वर आला होता. शंभरातली नऊ-दहा मते गेली आणि समोर विरोधकांनी एकजूट केली, एवढ्याने निम्म्याहून अधिक जागा गेल्या.

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती. नवे सरकार आले की शंभर दिवसांचा आढावा आपण छापताच. त्यापुढेही दर सहा महिन्यांनी, निवडणुकीत दिलेला शब्द आणि त्याचे पुढे काय झाले, हे शेजारी-शेजारी पहिल्या पानावर छापावे.

– एक वाचक, सांगली