टोमॅटोच्या प्लॉटमध्ये स्वतः उतरलेल्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

टोमॅटोची शेवटची तोडणी नुकतीच आटोपली. आता हिशेबाची वही उघडायची. पण त्याआधी तुमचे आभार मानणे मला अधिक निकडीचे वाटले.

ऐन उन्हाळ्यात झाडे हिरवीगार असूनही फुले देठाच्या सांध्यापाशी पिवळी पडून गळत होती, तेव्हा तुमच्याआधी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांपैकी एकानेही प्लॉटमध्ये पाऊल टाकले नाही. एकाने फोनवरच पाणी कमी पडत असल्याचा निकाल दिला. दुसऱ्याने फुलगळ हा शब्द ऐकताच टॉनिकच्या बाटल्या मांडल्या आणि त्यांत नेमके काय आहे असे विचारल्यावर, ‘रिझल्ट बघा,’ एवढ्यावर बोळवण केली.

तुम्ही मात्र आधी एक फूल खुडलेत, पुंकेसरांची नळी नखाने उभी चिरलीत आणि भिंग माझ्या हातात दिलेत. कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे स्त्रीकेसराचे टोक, नळीबाहेर डोकावत होती आणि आत परागाची भुकटी जवळजवळ नव्हतीच. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे आणि रात्रीचे २१ च्या वर राहू लागले, की फूल उमलण्याच्या आठवडा-दीड आठवडा आधी, कळीतच पराग निकामी होऊ लागतात, हे तोवर मला कोणी सांगितले नव्हते. फलन न झालेल्या फुलाला वाढत्या बियांकडून मिळणारे ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक मिळत नाही, म्हणून ते सांध्यापाशी सुटते. तुम्ही फवारायला सांगितलेले एनएए हे ऑक्झिनसारखे कृत्रिम संजीवक ती उणीव बाहेरून भरून काढते. मेलेल्या परागात ते जीव आणत नाही, त्यामुळे काही फळे कमी बियांची आणि पोकळ निघतील, आणि मात्रा १०-२० पीपीएमच्या (लिटर पाण्यात तितके मिलिग्रॅम) पुढे गेली तर पाने आक्रसतील, हेही तुम्ही न विचारता सांगितलेत.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती तुमची निघतानाची कृती. खिशातून सुतळी काढून तुम्ही मधल्या एका ओळीच्या दोन्ही टोकांच्या बांबूंना बांधलीत आणि म्हणालात, “ही ओळ फवारू नका. माझ्या शब्दावर जाऊ नका, शेजारच्या ओळींशी ताडून बघा.” स्वतःचा सल्ला चुकीचा ठरलाच तर तो शेतकऱ्याला उघड दिसावा, याची तजवीज स्वतःच करून जाणारा माणूस मी प्रथमच पाहिला. ज्ञान असलेली माणसे भेटतात. ते तपासू देणारी क्वचित भेटतात, आणि माझ्या मते सचोटीची पारख तिथेच होते.

त्या ओळीत झुपक्याला एखाददुसरे फळ होते, शेजारी झुपके बऱ्यापैकी भरले होते. उष्णतेची लाट आली त्या दिवसांत मात्र फवारलेल्या ओळींतही गळ झालीच, हे प्रामाणिकपणे कळवतो. पोकळ फळेही तुम्ही म्हणाला होतात तशी निघाली. ती वेगळी काढली.

झाडाचीच उष्णता सोसण्याची ताकद वाढावी म्हणून ब्रासिनोस्टेरॉइड आणि सॅलिसिलिक ॲसिड ही वनस्पतींतली संप्रेरके कळ्या येण्याआधी वापरून पाहण्याविषयी तुम्ही बोलला होतात. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही वेगवेगळ्या ओळींवर फवारणार आहे, न फवारलेली ओळ त्यातही राखणार आहे, आणि फळांची मोजणी तुम्हाला कळवीन, मग ती तुमच्या बाजूने असो वा नसो.

आपला कृतज्ञ,
एक टोमॅटो उत्पादक