आमच्या लेकीच्या डॉक्टरांना, एचपीव्ही लशीच्या निमित्तानं

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

लेकीला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूविरुद्धची लस दिली, पहिला डोस झाला. हे पत्र फक्त तुम्हालाही पाठवता आलं असतं, पण याच प्रश्नावर अडलेले आणखी आईबाप माझ्या ओळखीत आहेत. त्यांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

तुमच्याकडे आलो तेव्हा आम्हा दोघांच्या मनात वेगवेगळी भीती होती. तिच्या बाबांना लशीचीच धास्ती होती. या लशीनं पुढे मूल होत नाही, जपानमध्ये मुली अंथरुणाला खिळल्या, असे संदेश त्यांच्या फोनवर येऊन पडले होते. माझी अडचण वेगळी होती. अकरा वर्षांची पोर, अजून पाळीही आलेली नाही, आणि शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूची लस तिला आत्ताच कशाला? हे मोठ्यानं विचारायलाही जीभ रेटत नव्हती.

तुम्ही "सगळे देतात, देऊन टाका" म्हणाला असतात, तर कदाचित आम्ही दिलीही असती. पण मनात पाल चुकचुकत राहिली असती. तुम्ही तिच्या बाबांना म्हणालात, "जे जे वाचलंय ते सगळं सांगा, एकेक बघू." ते बोलत असताना तुम्ही मध्ये तोंड घातलं नाहीत, हसलाही नाहीत. शंका काढणाऱ्या बापाला अडाणी न समजता त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणं, याचं मोल मला फार वाटतं.

जपानची गोष्ट तुम्ही झटकली नाहीत. २०१३ च्या एप्रिलमध्ये तिथं ही लस नियमित लसीकरणात आली, मुलींना वेदना आणि हालचालींचे त्रास होत असल्याच्या बातम्या आल्या आणि जूनमध्येच सरकारनं शिफारस थांबवली, हे तुम्हीच सांगितलंत. आणि मग पुढचं सांगितलंत, जे फोनवरच्या संदेशात नव्हतं. नागोया शहरात सुमारे ३० हजार तरुणींकडून २४ लक्षणांची माहिती घेतली गेली, तेव्हा लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांमध्ये लशीकडे बोट दाखवता येईल असा फरक आढळला नाही. दरम्यान तिथलं लसीकरण ७० टक्क्यांच्या आसपासवरून एका टक्क्याच्याही खाली घसरलं होतं. शिफारस पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. मधल्या वर्षांतल्या मुलींचं काय, हे तिच्या बाबांनीच विचारलं. माझ्या मते त्यांचं मन तिथंच वळलं.

मूल न होण्याच्या भीतीवर तुम्ही औषधाच्या चिठ्ठीमागे एक गोळा काढलात. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एकच प्रथिन घ्यायचं, ते आपोआप जुळून विषाणूसारखा दिसणारा पोकळ गोळा बनतो, आत जनुकीय द्रव्य काहीच नाही. त्यामुळे तो शरीरात वाढू शकत नाही, संसर्गही करू शकत नाही. शरीर फक्त त्याचं रूप ओळखून ठेवतं. लशीमुळे वंध्यत्व येतं याला पुरावा नाही, हे तुम्ही स्वच्छ सांगितलंत. उलट गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला तर उपचारात गर्भाशयच काढावं लागू शकतं, हेही सांगितलंत. ज्या भीतीपोटी आम्ही लस टाळणार होतो, ती तर खरी त्या आजाराची भीती होती.

माझा प्रश्न मी विचारलाच नव्हता. तो तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून ओळखलात की काय कोण जाणे. म्हणालात, "आत्ताच का, हे बऱ्याच आयांना विचारायचं असतं." चोर घरात शिरल्यावर कुलूप लावून काय उपयोग, इतकं साधं कारण होतं. संसर्ग आधीच झालेला असेल तर ही लस तो बरा करत नाही. शिवाय ९ ते १४ या वयात शरीर लशीला जास्त जोरकस प्रतिसाद देतं. स्वीडनचा २०२० चा अभ्यास तुम्ही दाखवलात: सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी, आणि १७ ते ३० या वयात घेतलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी. हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिल्यावर "थोडी मोठी होऊ दे" हे माझं वाक्य माझ्यापाशीच राहिलं. लस दिली म्हणून मुली लवकर त्या वाटेला जातात, असंही अभ्यासांत आढळलेलं नाही, हे तुम्ही न विचारता सांगितलंत. त्याबद्दल वेगळे आभार.

तुम्ही लशीची नुसती भलामण केली नाहीत, म्हणून विश्वास बसला. हात दुखेल, कुणाला ताप येतो, या वयाच्या मुलींना सुईच्या धास्तीनं भोवळ येते म्हणून नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवतो, गंभीर ॲलर्जी फार क्वचित पण होऊ शकते, सगळं सांगितलंत. आधी कुठल्या लशीनंतर त्रास झाला होता का, यीस्टची ॲलर्जी आहे का, हेही विचारलंत.

आणि मग तुम्ही आमच्याकडून नजर काढून लेकीकडे वळलात. "तुला काय विचारायचंय?" तोवर आम्ही तिच्याबद्दल तिच्यासमोर बोलत होतो, तिच्याशी नाही. ती म्हणाली, "मला काही झालेलंच नाही, मग सुई का?" तुम्ही तिला सांगितलंत की मोठेपणी जवळजवळ सगळ्यांनाच कधी ना कधी हा विषाणू गाठतो. बहुतेकांचं शरीर एकदोन वर्षांत तो घालवून टाकतं. काहींच्या अंगात तो ठाण मांडतो आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. "तेव्हा तू माझ्यापेक्षाही बिझी असशील, म्हणून आत्ताच उरकून टाकू." तिनं लगेच विचारलं, "डावा हात चालेल ना? मी उजव्या हातानं लिहिते." तिचा होकार आम्हाला तिथंच मिळाला.

निघताना तुम्ही मला थांबवून विचारलंत, "तुमची स्वतःची गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली?" मला उत्तर देता येईना. एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. बाकीचे प्रकारही आहेतच, त्यामुळे लस घेतलेल्या मुलीलाही मोठी झाल्यावर तपासणी चुकत नाही, आणि मी तर लस घेतलेलीच नाही, असं तुम्ही म्हणालात. ती तपासणी मी करून घेतली. अहवाल चांगला आला.

धाकट्याला नववं लागतंय. हा विषाणू मुलग्यांनाही सोडत नाही, घशाचा कॅन्सरही त्यानं होतो, असं तुम्ही ओझरतं म्हणाला होतात. लेकीच्या दुसऱ्या डोसला येऊ तेव्हा त्यालाही सोबत आणते. त्याच्याशीही तसंच बोला.

तुमची कृतज्ञ,
दोन मुलांची आई