घरातला आवाज न पुसणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

आमच्या जुन्या कॅसेटींवरची गाणी तुम्ही डिजिटल फायलींत उतरवून दिलीत. दुकानात तुमचे आभार मानून झाले, पण ते पुरेसे वाटत नाहीत, म्हणून हे पत्र.

याच कॅसेटी आधी एका मोठ्या स्टुडिओतून उतरवून आणल्या होत्या. त्यांनी 128 केबीपीएसच्या, म्हणजे आवाज बराच दाबून लहान केलेल्या, एमपीथ्री फायली दिल्या, नावं 'ट्रॅक 01', 'ट्रॅक 02'. शांतता दिसेल तिथे आपोआप कापणारं सॉफ्टवेअर लावलेलं. भावगीतात ध्रुवपदाआधी गायिका क्षणभर थांबते, तेवढ्यात नुसता तंबोरा ऐकू येतो. नेमके तिथेच गाण्याचे दोन तुकडे. अशा फायली शफलला, म्हणजे कुठल्याही क्रमाने वाजायला, लावल्या की अंतरा आत्ता आणि ध्रुवपद तासाभराने! वर खरखर काढायचा फिल्टर इतका कडक, की स, श, च बोबडे झाले आणि तंबोराही खरखरीबरोबर गेला. विचारलं तर उत्तर एकच: जुन्या कॅसेटींचं असंच होतं.

असंच होत नसतं. रेडिओसमोर छोटा टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या या कॅसेटी तुम्ही थेट डेकमध्ये, म्हणजे वाजवायच्या यंत्रात, घातल्याच नाहीत. आधी प्रत्येक टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळून मोकळी केलीत. जिथे फेल्टचा पॅड निखळला होता, तिथे टेप पाच स्क्रूंच्या दुसऱ्या बॉडीत घातलीत, कारण पॅडशिवाय टेप हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज उचलणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज मधेच दबतो. हेडशेजारचा स्प्रिंगचा स्क्रू फिरवून हेडचा कल कॅसेटगणिक वेगळा जुळवलात. तो चुकला तर वरचे सूर टेपवरून उचललेच जात नाहीत, मग इक्वलायझर कितीही फिरवा.

वेगाबद्दलची तुमची काळजी तर मला फार मोलाची वाटते. वेग तपासायच्या 3150 हर्ट्झच्या टेस्ट कॅसेटवर तुमचा डेक बरोबर होता. पण ज्या टेपरेकॉर्डरवर गाणी भरली त्याचा बेल्ट सैल असेल, तर चूक टेपवरच बसलेली असते. वेग 3 टक्के चुकला तरी सूर साधारण अर्धी पट्टी सरकतो. पेटीवरची ना काळी एक, ना पांढरी दोन. तुम्ही त्याच गाण्यांच्या विकत मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिका शेजारी लावून षड्ज जुळवलात. मूळ फायली 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर ठेवल्यात, आणि आवाजाची पातळी गाणं न बदलता फक्त रीप्लेगेनच्या टॅगमध्ये, म्हणजे वाजवताना आवाज किती कमी-जास्त करायचा हे सांगणाऱ्या फायलीतल्या नोंदीत, लिहिलीत, तीही गाण्यागणिक. शफलसाठी तेच हवं. नाहीतर हळुवार भावगीतानंतर ढोलकी कानावर आदळते. टॅगमध्ये गीतकार, संगीतकार, गायक, सगळं देवनागरीत. रेडिओवर नावं ज्या आदराने घेतली जायची, त्याच आदराने.

पण हे सगळं एकीकडे आणि कॅसेटच्या डबीतली तुमची चिठ्ठी एकीकडे: "बी बाजू, 14 मिनिटं 20 सेकंद. घरातला आवाज आहे. काढलेला नाही. नको असल्यास सांगा."

तो आवाज आईचा आहे. "दार लाव, गाणं भरतेय." एवढंच. तिचा दुसरा कुठलाही आवाज कुठेही नाही. स्टुडिओने तो कचरा म्हणून कापला होता, कुणाला न विचारता. तुम्ही तो गाण्याच्या आधी, त्याच फायलीत राहू दिलात, आणि शिवाय दोन्ही बाजू अखंड, न कापता वेगळ्या दिल्यात. त्यामुळे आता शफलमध्ये कधीही, कुठल्याही गाण्यानंतर आई बोलते.

दुसऱ्याच्या वस्तूत काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे आपण ठरवू नये, विचारावं. इतकी साधी सभ्यता ज्यांच्याकडे महागडी यंत्रं आहेत त्यांना सुचली नाही. ती अजून माणसांत आहे हे तुमच्या टेबलाशी बसून कळलं, याचं समाधान फार मोठं आहे.

एक तक्रार मात्र आहे: तुम्ही मजुरी फार कमी घेता. एका तासाची कॅसेट उतरवायला एक तास लागतोच, जुळवणी आणि कापणी वेगळी. पुढच्या वेळी त्या वेळेचे पैसे लावा. उरलेल्या कॅसेटी पावसाळा संपला की तुमच्याकडे पोचतील. तोवर त्या तुम्ही सांगितल्याप्रमाणे डबीत उभ्या, टेप पूर्ण एका बाजूला गुंडाळून, स्पीकरपासून लांब ठेवल्या आहेत. त्यातल्या दोनांवर पांढरी बुरशी दिसते. त्या वेगळ्या पिशवीत असतील, तुमच्या डेकला लागायला नको.