गरोदर स्त्रीची पहिली वजननोंद चुकू नये, यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळ जन्मले, तर तिला अकाली प्रसूती म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे, म्हणजे साधारण दहांत एक, अशी दिवस भरण्याआधी जन्मली. प्रत्येक वेळी कारण सापडतेच असे नाही. मात्र आईचे वय आणि वजन यांचा या जोखमीशी असलेला संबंध वारंवार दिसून आला आहे.

विशीच्या आत आणि पस्तिशीनंतर ही जोखीम वाढते, पण तपासणीला आलेल्या स्त्रीचे वय कोणालाच बदलता येत नाही. वजनाकडे मात्र वेळेत लक्ष देता येते. गर्भधारणेपूर्वी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) १८.५ पेक्षा कमी असेल, तर कळा आपोआप लवकर सुरू होण्याचा धोका अधिक असतो. बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त असेल, तर उच्च रक्तदाब व मधुमेह यांमुळे आई आणि बाळाच्या जिवासाठी डॉक्टरांनाच अनेकदा प्रसूती लवकर करावी लागते. लठ्ठपणाविषयी निदान बोलले तरी जाते. ‘बारीक आहे, पण काटक आहे’ असे म्हणून कृश मुलीकडे दुर्लक्ष होते, याची आम्हाला अधिक काळजी वाटते.

कृश स्त्रीचे वजन गरोदरपणात साडेबारा ते अठरा किलो वाढावे, तर लठ्ठ स्त्रीचे पाच ते नऊ किलोच, अशी प्रचलित शिफारस आहे. त्यामुळे सातव्या महिन्यात काट्यावर दिसलेल्या आकड्याचा अर्थ सुरुवातीच्या नोंदीशिवाय लागत नाही, आणि नेमकी तीच नोंद राहून जाते.

ही नोंद पहिल्या तीन महिन्यांतच, शक्य तर त्याआधीच व्हावी, यासाठी आमच्या आरोग्य समितीला भरवशाचे वजनकाटे, उंची मोजण्याच्या पट्ट्या आणि रक्तदाब मोजण्याची यंत्रे हवी आहेत. यंत्रासोबत मोठ्या मापाचा दंडपट्टा आवर्जून द्यावा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधल्यास रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. वस्तू देणे शक्य नसल्यास रोख देणगीही स्वीकारली जाईल; तिची पावती मिळेल.

परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी महिन्यातील एक सकाळ द्यावी, ही विनंती. वजनावरून कोणालाही टोचून बोलू नये, एवढी एकच अट आहे. दुखावलेली स्त्री पुढच्या तपासणीला येत नाही.