खालच्या खोलीचा हिशेब

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रागावू नका. खाली तुमच्यासाठी नवी खोली बांधायला मेस्ताला (गवंड्याला) आगाऊ पैसे दिलेत, सोमवारी चिरे येतील. विचारलं असतं तर बाबा "गणपतीची चवथ होऊन जाऊ दे" म्हणाले असते, आणि पाऊस लागला की काम अडलंच. त्या रात्री आई गुडघा धरून जिन्यातच बसून राहिली, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. माडी आहे तशीच राहील. फक्त तुमची खाट खाली येईल.

बाबा, पैसे उधळलेले नाहीत, हिशेब बघा. खोली बाहेरून १४ बाय १२ फूट, स्लॅब ५ इंच, म्हणजे ७० घनफूट काँक्रीट. पण तेवढंच सामान आणलं तर स्लॅब अर्ध्यावर राहील. खडीच्या फटींत रेती शिरते, रेतीच्या फटींत सिमेंट, म्हणून कोरडं सामान १.५४ पट धरायचं : १०८ घनफूट. सिमेंट, रेती, खडी १:१.५:३ या प्रमाणात, त्यातलं सिमेंट साडेएकोणीस घनफूट. ५० किलोच्या पोत्यात सव्वा घनफूट, म्हणजे १६ पोती. रेती साडेएकोणतीस घनफूट, खडी ५९. रेती-खडी ब्रासनं मोजतात आणि ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे स्लॅबला दोन्ही मिळून एक ब्रासही लागत नाही, तेव्हा भरलेला ट्रक दारात आला तर उतरवून घेऊ नका.

घनफूट मला तुम्हीच दाखवलात. विहिरीवर तेलाचे १५ लिटरचे दोन डबे भरलेत, वरून दोन बोटं पाणी ओतून दिलंत आणि म्हणालात, "हा बघ, एक घनफूट." मी तो डबा उचलायला गेलो आणि भिजलो. आई पदरानं डोकं पुसत तुम्हालाच ओरडली होती.

चिऱ्यांचा आकडा मेस्तानं पावणेपाचशे सांगितला. चौथी भिंत घराचीच आहे. उरलेल्या तिन्ही मी टेपनं मोजल्या, ९ फूट उंच. कोपरे दोनदा धरले गेले होते, ते काढले, दार-खिडकी वजा केली. १४ बाय ७ इंचांचा चिरा सांध्यासकट पाऊण चौरस फूट भरतो. फूटतूट धरूनही ४०५ पुरे. त्यालाही ते पटलं, वाद झाला नाही.

आई, खिडकी तुळशीकडेच ठेवलीय, पडल्या पडल्या दिवा दिसेल. संडास-बाथरूम आत, पकडायला दांडा, फरशी खरखरीत. पावसात अंगण ओलांडायचं नाही आता. तुझा अबोलीचा वाफा मात्र चौथऱ्यात जातोय. हे लिहिताना हात अडला. रोपं मुळांसकट विहिरीकडे लावू, तिथं ऊनही बरं आहे.

बाबा, स्लॅबवर पाणी मारायला मुलगा ठेवलाय, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. प्रेशरची गोळी नाश्त्यानंतर, विसरायची नाही. सिमेंटची पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब. शनिवारी रात्री पोचतो. तोवर आईनं कुदळ उचलायची नाही, रोपं मी काढीन.

तुमचा,
बाळ