"आता टोचतंय" असं आधी सांगणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

माझं सलूनचं काम. शटर उघडल्यापासून रात्रीपर्यंत खुर्चीभोवती उभं राहायचं. डाव्या पायाच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या झाल्या होत्या, घोट्याजवळची कातडी काळी पडून खाजायची. आधी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पॅन्ट वर करायलाही सांगितलं नाही. "उभं राहणं बंद करा," म्हणाले. मग खायचं काय, हे विचारेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं. दुसरीकडे म्हणाले, "लेझर आहे, तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही," आणि पॅकेजचा कागद हातात दिला. त्या बोलण्याने मी जास्तच धास्तावलो.

शेवटी तुमच्याकडे लेझर करून घ्यायला आलो. तुम्ही टेबलावर घेतानाच सांगितलंत, "काका, पूर्ण भूल नाही, तुम्ही जागे असाल. शिरेच्या कडेकडेने भुलेचं पाणी भरतात, त्या सुया कळतात. प्रत्येक सुईआधी मी सांगेन." आणि खरंच सांगितलंत. गुडघ्यापासून जांघेपर्यंत दर वेळी आधी तुमचा हात खांद्यावर यायचा, मग "आता टोचतंय", आणि मगच सुई. एकदा म्हणालात, "ही जरा जास्त झोंबेल." झोंबली.

मानेवर वस्तरा ठेवण्याआधी मीही गिऱ्हाइकाला सांगतो. सांगितलं की माणूस हलत नाही. म्हणून तुमच्या त्या दोन शब्दांची किंमत मला कळते. मोठमोठ्या डिग्र्यांना जे जमलं नाही ते तुम्ही सहज केलंत, माणसाला माणूस समजून खरं सांगितलंत.

त्यामुळे पुढचंही सगळं पटलं. लेझरने आतून शीर जाळून बंद करताना तोंडात जळकट चव येऊ शकते म्हणालात. आली, पण घाबरलो नाही. थोड्याच वेळात स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आलो. निळे डाग पडले, नंतर मांडीत आतून तार ओढल्यासारखं व्हायला लागलं. बायको घाबरली, तर मीच तिला म्हटलं, सिस्टरनी सांगितलंय, असंच होतं. पोटरी सुजली किंवा दम लागला तर मात्र लगेच जायचं. घट्ट मोजा घालतोय, रोज चालतोय.

आमच्या चौकातल्या इस्त्रीवाल्या मामांचे पायही तसेच आहेत. त्यांना सगळं सांगितलंय, सुया झोंबतात हेसुद्धा. सोमवारी माझं दुकान बंद असतं, तेव्हा त्यांना घेऊन येतोय. त्या दिवशी ड्यूटीवर तुम्हीच असाव्यात, एवढीच इच्छा.

तुमचा,
डाव्या पायावाला पेशंट